लेप फारच हळवा निघाला!

"आमच्या लेपाला उजेडाचा नुसता वास लागला तरी पुरे!" सोमवारच्या मीटिंगमध्ये मी छातीठोकपणे सांगून बसलो.

म्हणजे कसं, चिप बनवताना काचेवरच्या नक्षीतून, म्हणजे मास्कमधून, उजेड पाडून सिलिकॉनच्या चकतीवर ती नक्षी उमटवतात. आमच्याकडे मास्कच नाही! कॉम्प्युटर होलोग्राम रचतो आणि लेसरचा उजेड स्वतःच नक्षी होऊन चकतीवर उतरतो. फक्त चकतीवर उजेड ओळखणारा लेप हवा. तो माझा! त्याच्यापायी दोन वर्षांत माझं निम्मं डोकं उघडं पडलंय.

गुरुवारी तीन वाजता पाहुणे इंजिनिअर येणार होते. लेप पसंत पडला तर प्रकल्प पुढे, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

त्या दिवशी सकाळी पहिली चकती धुऊन काढली. सुंदर नक्षी, आणि मधोमध चौकोनी डाग! कुणी पोस्टाचं तिकीट चिकटवावं तसा!

"उजेड शिरतोय कुठूनतरी!" मी ओरडलो. दाराच्या फटीला काळी टेप लावली. कुलपाच्या भोकालाही लावली. चकत्यांवर बावीस वर्षं हात बसलेल्या आमच्या लॅबताईंचा मोबाइल काढून घेतला.

दुसरी चकती. डाग!

"ताई, तुमचा चष्मा चमकतोय. काढा."

"काढते. मग चकती कुठली आणि तुम्ही कुठले, ते तेवढं सांगत राहा."

तिसरी चकती. दोन डाग! मी खोलीतले पिवळे दिवेसुद्धा घालवले. त्या दिव्यांनी लेपाला काही होत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं! छाती इंजिनासारखी धडधडत होती.

अडीच वाजता आमच्या मोठ्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, चाचपडत आत आल्या. "पाहुणे गेटवर आलेत! काळोखात काय करताय?"

"चौथी चकती!" मी चकतीवर वाकलो.

"अहो, तुमच्या बाहीत काय पेटलंय?"

मी खाली पाहिलं. पांढऱ्या पातळ बाहीतून माझं चौकोनी घड्याळ लख्ख चमकत होतं. बायकोने मागच्याच आठवड्यात काळजीपोटी बांधलेलं! त्यावर अक्षरं होती: 'हृदयाचे ठोके फार वाढले आहेत. खोल श्वास घ्या.'

मी घाबरलो की ते पेटणार, ते पेटलं की डाग पडणार, आणि डाग पाहून मी आणखी घाबरणार!

"काढा ते आधी!" बाई कडाडल्या.

हातमोज्याखालचा पट्टा काही सुटेना.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्हीच बाहेर जा."

पाहुणे आत गेले, दार लागलं आणि मी कॉरिडॉरमध्ये. तेवढ्यात बायकोचा फोन. घड्याळ तिलाही सगळं कळवतं म्हणे!

"अरे, ठोके एकशे अडतीस! कुठे पळतोयस?"

"नुसता उभा आहे गं."

"उभा राहून एवढे?"

"दोन वर्षं आत आहेत माझी!" माझा आवाजच चिरकला. फोन काही तिने ठेवला नाही.

वीस मिनिटांनी दार उघडलं. ताईंच्या हातात चकती. स्वच्छ! एक डाग नाही. पाहुण्यांनी माझे दोन्ही हात दाबले. प्रकल्प पुढे चालू!

दुसऱ्या दिवशी ऐटीत कामाला गेलो. खोलीच्या दारावर नवी पाटी होती, ताईंच्या टपोऱ्या अक्षरात: 'मोबाइल, टॉर्च आणि सर आत आणू नयेत.'