आबांच्या बाईसाहेब

आमच्या शेजारचे आबा गेली दोन वर्षं बसलेले नाहीत. नाहीत म्हणजे नाहीतच. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, सोसायटीची मीटिंग भिंतीला टेकून. फारच दमले की सरळ आडवे होतात, मग जागा कुणाचीही असो. एकदा आमच्याकडे डबा परत द्यायला आले, तेव्हा हळदीकुंकू चाललं होतं. आबा हॉलच्या मधोमध सतरंजीवर आडवे झाले आणि आमच्या मखमलाबादच्या निम्म्या बायका त्यांना वळसा घालून वाण घेऊन गेल्या.

झालं असं, की दसऱ्याच्या आधी झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवताना आबा मागच्या फाळक्यावरून घसरले ते थेट डांबरावर. कंबर गेली, डावा खुबा गेला. झेंडू मात्र वेळेवर बाजारात पोचला, हे ते अजून कौतुकाने सांगतात.

तेव्हापासून कंबर ही त्या घरातली कर्ती बाई आहे. दुसरं तिथे माणूसही नाही म्हणा. "बाईसाहेब आज रुसल्यात." "बाईसाहेबांना गार फरशी चालत नाय." पट्टा, गरम पाण्याची पिशवी, मधे भोक असलेली उशी, सगळी बाईसाहेबांची सरबराई. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका जागी थांबू नका, हलत राहा. आबांनी ते फारच मनावर घेतलं. मी शाळेत शिकवून येऊन दारातल्या ओट्यावर भाजी निवडत बसले, की आबा समोरून येरझाऱ्या घालत बोलतात. अर्धं वाक्य जाताना, उरलेलं येताना. मला अक्षरशः गरगरतं.

दूधवाला, कुरिअरवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, कुणाची सुटका नाही. खुब्यातून पोटरीत उतरणारी कळ सगळ्यांना बोट फिरवून दाखवतात. फक्त वणीच्या अक्काला, त्यांच्या थोरल्या बहिणीला, यातलं अवाक्षर सांगत नाहीत. तिचा फोन आला की, "एकदम ठणठणीत हाय मी." तिचे गुडघे गेलेत. कळलं तर तशीच एसटी धरून येईल, ही धास्ती. तिला एका भाऊबीजेला सांगितलं टेम्पो बिघडला, दुसऱ्या भाऊबीजेला फुलांची ऑर्डर होती. यंदा अक्काने सांगून टाकलं, "आता नाय आलास तर मीच निघते."

आबा तडक माझ्याकडे.

"म्याडम, गाडी काढा. मला पाटावर बसायचंय."

"आबा, तुम्ही खुर्चीवर बसत नाही."

"ओवाळायला पाटच लागतो. उभ्याला कोण ओवाळतं?"

मी गाडी नुकतीच शिकलेली. आबा मागच्या सीटवर आडवे. दिंडोरी रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून, "हळू ओ, बाईसाहेबांचा जीव चाललाय." शेवटी मी वैतागले. "मग बाईसाहेबांनाच चालवू द्या."

अक्काने पाट मांडून भोवती रांगोळी काढली होती. आबा दारातून ताठ चालत गेले आणि बसले. तोंडातून हूं की चूं नाही. कपाळावर नुसता घाम. अक्काने एका हाताने भिंत धरून कुंकू लावलं, ओवाळलं. आबांनी ताटात साडी ठेवली.

आता उठायचं. आबा हलेनात.

"बसतो गं जरा," ते हसत म्हणाले. "आलोच हाय तर."

अक्काने ताट माझ्या हातात दिलं. मग भिंत धरत, कण्हत, ती त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकली. तिला खाली बसायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती.

"बाळ्या, दोन वर्षं झाली, फोनवर तुझ्या चपला वाजतात. बसून बोलणाऱ्या माणसाच्या चपला वाजतात व्हय?"

या वेळी आबांनी बाईसाहेबांचं नावही काढलं नाही. मान खाली घालून म्हणाले, "दुखतं गं अक्का. लय दुखतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि त्यांच्या कमरेवरून हात फिरवत राहिली.

या दोघांना आता उठवायचं कसं, या विचारात मी ताट धरून उभी होते. आबांना मात्र कुठेच जायची घाई नव्हती.