होमचं बटण कुठं थांबतं

"एका बटणाचा तर प्रश्न आहे. पहिली बिअर संपायच्या आत मिटवतो," असं बायकोला सांगून बोहदान व्रझल रविवारी दुपारी घरातून निघाला आणि ब्रनो शहरातल्या त्या नेहमीच्या बिअरखान्यात येऊन टेबलाच्या टोकाशी बसला. टोकाची खुर्ची प्रमुखाची. 'सोवा' नावाचा मजकूर लिहायचा प्रोग्राम ही मंडळी वर्षानुवर्षं फुकट बनवत होती आणि फुकटच वाटत होती. बोहदान त्यांच्यात गेल्याच वर्षी आलेला. बाकी कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, म्हणून महिन्याभरापूर्वी एकमतानं तो प्रमुख झाला.

नवी आवृत्ती आजच निघायची होती. अडलं होतं ते कीबोर्डवरच्या, ओळीच्या सुरुवातीला नेणाऱ्या होमच्या बटणापाशी. ओळ आत सरकवून लिहिलेली असेल, तर होम दाबल्यावर कर्सरनं पार कडेच्या भिंतीला जाऊन टेकायचं, की पहिल्या अक्षरापाशी थांबायचं? आज हे मिटलं नाही तर अर्धी मंडळी सगळा प्रोग्राम उचलून वेगळी चूल मांडणार होती. त्या चुलीचं नावसुद्धा ठरलं होतं.

"ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत जाते," ओताकार पेशिना म्हणाले. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस, भिंतवाल्यांचा म्होरक्या. "मधे ओळखीचं कुणी दिसलं म्हणून थांबत नाही."

"तुमची ट्राम रिकामीच जाते, ओताकार. शेवटच्या थांब्यावर राहतंय कोण?" अक्षरवाल्यांची क्वेता हालोवा शांतपणे म्हणाली.

ओताकारनी छातीवर हात ठेवला. बोहदान बघतच राहिला. त्यानं हॉकीचे अंतिम सामने पाहिले होते, इस्टेटीवरून भांडणारे सख्खे भाऊ पाहिले होते. पण एका कर्सरच्या मुक्कामासाठी डोळ्यांत पाणी आणणारी माणसं तो पहिल्यांदाच पाहत होता. आपण केवढ्या मोठ्या लोकांत येऊन बसलोय, असं त्याला वाटून गेलं.

"मग असं करू," तो म्हणाला. "पहिल्यांदा उघडल्यावर सोवानंच विचारावं. भिंत की अक्षर?"

ओताकारनी छातीवरचा हात खाली घेतला. बोहदानला वाटलं, जिंकलो.

"आणि न वाचताच एंटर दाबलं तर?" क्वेतानं गोड आवाजात विचारलं. "आधीपासून कुठलं उत्तर निवडलेलं असेल?"

"कुठलंच नाही."

"म्हणजे एंटर दाबून काहीच होणार नाही?" कोपऱ्यातून कुणीतरी हादरून म्हणालं आणि बघता बघता तिसरा पक्ष जन्माला आला, एंटरवाल्यांचा.

बोहदाननं मतदान पुकारलं. "अक्षराच्या बाजूनं असतील त्यांनी ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवा." अक्षरवाल्यांनी चकत्या ठेवल्या. तेवढ्यात वेटर लुबोश भरलेले ग्लास घेऊन आला. झाकलेला ग्लास म्हणजे आता पुरे, हा तिथला रिवाज. क्वेतासमोरून फेसाळती बिअर न थांबता पुढे गेली, ती थेट ओताकारसमोर जाऊन टेकली.

"माझं मत मागे," क्वेता म्हणाली आणि तिनं चकती उचलली. मागोमाग सगळ्या चकत्या उठल्या.

"एकमतानं भिंत," ओताकार फेस पुसत म्हणाले.

"ही तहान आहे, मत नाही. पुन्हा घ्या," क्वेता म्हणाली.

"मग मी चाललो." ओताकारनी कोट उचलला. भिंतवाल्यांच्या खुर्च्या सरकू लागल्या. महिन्याभरात बोहदानच्या हातून वीस वर्षांचं घर मोडत होतं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "तुमच्या स्वतःच्या सोवात होम कुठं थांबतं?"

"माझ्या? मी ते पहिल्याच दिवशी हवं तसं बदलून घेतलं."

"मीही," क्वेता म्हणाली. टेबलभर माना हलल्या.

"मग भांडण कुणासाठी चाललंय?"

"नव्या माणसासाठी," दोघं एकदमच म्हणाले. त्या दिवसातलं ते पहिलं एकमत.

"नवं आलंय तरी कोण इतक्यात?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग बोहदानकडे.

"तूच की," ओताकार म्हणाले. त्यांचा एक हात कोटाच्या बाहीत होता. "सांग बाबा, खरं सांग. पहिल्यांदा होम दाबलंस तेव्हा तुला काय वाटलं होतं, कुठं जाईल?"

भिंत म्हणावं तर अर्धं टेबल उठणार, अक्षर म्हणावं तर उरलेलं अर्धं. बोहदानला खरं बोलण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

"मी होम दाबतच नाही. माउसनं जातो."

लुबोश ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला.

"माउसनं," ओताकार हळूच म्हणाले.

"प्रत्येक ओळीला?" क्वेतानं विचारलं. "हात उचलून?"

"हो."

"आणि परत?"

"परत आणतो ना."

ओताकारनी बाहीतून हात काढला आणि कोट खुर्चीवर टाकला. "क्वेता, अगं, पोरगं वर्षभर असं जगतंय आणि आपण साधी चौकशी केली नाही."

"आपण भांडत बसलो," क्वेता म्हणाली. तिनं खुर्ची ओढली आणि ती बोहदानच्या एका बाजूला बसली, दुसऱ्या बाजूला ओताकार. भिंतवाले, अक्षरवाले, एंटरवाले, सगळे खांद्याला खांदा लावून मागे उभे राहिले. ओताकारनी बोहदानसमोरच्या लॅपटॉपचा माउस उपटला आणि खिशात घातला.

"आता होम दाब."

"पण ते जाऊन थांबेल कुठं?"

"कुठं का थांबेना," क्वेता म्हणाली. "तू दाब आधी."

बोहदाननं दाबलं. कर्सर एका झेपेत ओळीच्या टोकावरून सुरुवातीकडे गेला.

"बापरे," सोवाचा प्रमुख म्हणाला.