आंबूस तळ्याचा तपास

कर्दळीच्या बुडाशी, जिथं पाणी खडीतून वर झिरपून येतं, तिथं एक पांढुरका तवंग होता. तळहाताएवढा. कडेला दाट, मध्ये विरळ. साबणाचा फेस असता तर बोट लावल्यावर फुटला असता, तेल असतं तर उन्हात रंग दिसले असते. हा तवंग नुसता आकसला. मोनिकानं बोट नाकाशी नेलं. आंबूस वास.

"हात लावू नकोस, सूनबाई! पुरावा आहे तो!"

मागं अंगदतात्या उभे होते. डोळ्यांवर काळा गॉगल, हातात नातवंडांसाठी घेतलेलं आणि नातवंडांना कधीच न मिळालेलं भिंग.

अंगदतात्या हे मोनिकाचे चुलतसासरे. उभी हयात त्यांनी दूध संकलन केंद्रावर काढली आणि निवृत्त झाल्यावर संक्रांतीला ते पुतण्याकडे संगमनेरला राहायला आले ते थेट गुप्तहेर होऊनच. आल्या आठवड्यात त्यांनी फाटकावर फ्लेक्स लावला. त्यावर गॉगलसकट त्यांचा फोटो, खाली 'गुप्तहेर' हा शब्द रस्त्यापलीकडूनही वाचता येईल एवढा मोठा, आणि त्याखाली एक ओळ : 'आमची कुठेही शाखा नाही, पण सगळीकडे लक्ष आहे.'

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना तुला?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, काल जेवताना सांगितलंत तुम्ही."

"मग उजळणी होईल. या डोळ्यांनी दुधातलं पाणी पकडलंय, पोरी. लॅक्टोमीटर मागाहून बोलायचा, आधी मी बोलायचो. मला नुसतं लांबून येताना पाहिलं तरी लबाड गवळ्यांच्या म्हशी आटायच्या. जो माणूस दुधातलं पाणी ओळखतो, त्याच्यापासून पाण्यातलं काय लपून राहणार?"

या विधानात तर्क नव्हता, पण मोनिका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. चुकीच्या उत्तरावर लगेच लाल शाई ओढायची नाही, एवढा संयम तिनं नोकरीत कमावला होता. तात्यांनी या संयमालाच होकार समजून तिला सहायक म्हणून नेमून टाकलं.

प्रकरण तळ्याचं होतं. परसात मोनिकानं स्वतः एक छोटं तळं केलं होतं आणि त्याला लागून खडीचा वाफा. माती नाही, नुसती धुतलेली खडी. तिच्यात कर्दळ, वाळा आणि अळू. तळ्यातला पंप पाणी वाफ्याच्या तळाशी सोडायचा. तिथून ते खडीतून सावकाश वर चढायचं, गाळ खाली बसायचा, माशांची घाण मुळं खाऊन टाकायची आणि निवळ पाणी दगडावरून परत तळ्यात पडायचं. वाफ्यात एक उभा पाइप होता. त्याचं झाकण काढून ती अधूनमधून तळाचा गाळ उपसायची, माजलेली कर्दळ विरळ करायची, वाळकी पानं वेचायची. वाफ्याला खत घालायचं नाही, हा तिचा एकमेव कडक नियम. दोन वर्षं पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे दगड मोजता यायचे.

आता दगड सोडा, मासे दिसत नव्हते. पाणी हिरवं, वर तवंग, आणि सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकायचे. मोनिकानं पंप तपासला, गाळ उपसला, एक कर्दळ उपटून पाहिली. मुळांवर सायीसारखा बुळबुळीत थर. आपण बांधलेल्या गोष्टीत मुळातच काही चुकलंय का, ही शंका तिला पोखरू लागली होती.

त्यात सासूबाईंनी, म्हणजे कडूबाईंनी, मुदत दिली होती. मोनिकाच्या नवऱ्यानं, सुनीलनं, दिवाळीला नवी गाडी घेतल्यापासून ती गल्लीत उभी असायची आणि कडूबाईंच्या मते गाडीची खरी जागा तळ्यावर होती.

"रविवारपत्तुर वास गेला तर ठीक," त्या म्हणाल्या. "न्हाई तर मुरमाचा टेम्पो सांगितलाय म्या. तळं बुजवायचं आन् वर फरशी."

"अहो, तुम्ही सांगा ना काहीतरी," मोनिकानं नवऱ्याला म्हटलं.

"बघू," सुनील म्हणाला.

दिवाळीपासून सुनील बघतच होता. कामावरून आला की चहाचा कप घेऊन तळ्याच्या काठावर बसायचा, मासे पाहायचा, कप विसळून ठेवायचा. ठेवायचं की बुजवायचं, यावर त्याच्या तोंडून 'बघू'च्या पुढं एक अक्षर निघालं नव्हतं.

तात्यांनी तपास वासापासून सुरू केला. ओणवे होऊन त्यांनी खडीशी नाक नेऊन दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले आणि गंभीर झाले.

"हा वास माझ्या ओळखीचा आहे, सूनबाई. फार जुन्या ओळखीचा. याचा अर्थ एकच. गुन्हेगार माझ्या परिचयातला आहे."

"वास कशाचा आहे पण?"

"ते दुय्यम आहे. तळं बुजलं की फायदा कुणाचा? मुरूमवाल्याचा! त्यानं शुगर फॅक्टरीतली मळी आणून ओतली असणार. फोन लाव त्याला."

मुरूमवाला ज्ञानेश्वर हा कोपऱ्यावरचा टेम्पोवाला. तात्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"ज्ञानेश्वर, तू मळी कुठून आणलीस?"

"मळी न्हाई तात्या, मुरूम. मळी पायजेल का? तिचा भाव येगळा पडंल."

"बघ!" तात्या फोन बंद करून म्हणाले. "भावसुद्धा पाठ आहे."

दुसरा धागा मांजराचा निघाला. शेजारच्या मेहताबभाभींची करडी मांजर परसात यायची, माशांकडं ढुंकूनही न पाहता सरळ वाफ्यावर जायची आणि खडी चाटायची. ही बातमी कडूबाईंनी दिली. मोनिका तेव्हा कॉलेजात असे.

"मांजर, आणि मासे सोडून दगड चाटते?" तात्या फेऱ्या मारू लागले. "ही मांजर शाकाहारी झालीय. पण कुणामुळं? कुणीतरी तिला खडीची सवय लावलीय. मांजराच्या मागं जा, मालक सापडेल."

"मालकीण मेहताबभाभी आहेत, तात्या. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"सगळ्या गल्लीला जे माहीत असतं, तेच गुप्तहेरानं तपासायचं असतं."

ते मांजराच्या मागं गेले. मांजर भिंतीवर चढली, तात्याही चढले. मांजर पलीकडं उतरली. तात्या उतरले नाहीत. शेवटी मेहताबभाभींनी पलीकडून स्टूल लावलं.

"तात्या, फाटक उघडंच हाय की आमचं," त्या म्हणाल्या.

"त्यामुळंच मला संशय आला," तात्या स्टुलावरून म्हणाले.

उरल्या कडूबाई. गाडीसाठी जागा हवी असलेली बाई म्हणजे उघड हेतू. भावजयीची चौकशी करणं तात्यांना जड गेलं, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकली.

"वहिनी, आज सकाळी सूनबाई गेल्यावर तुम्ही कुठं होतात?"

"हितंच. तुमचा च्या करीत हुते."

"साक्षीदार?"

"तुमीच की. दोन कप पेलात."

"खिडकीतून परस दिसतो. तिथं काही संशयास्पद दिसलं?"

कडूबाईंनी खरंच आठवून पाहिलं. "न्हाई बा. रोजचंच."

"रोजचंच," तात्यांनी मान हलवली. "म्हणजे गुन्हेगार अदृश्य आहे."

इकडं मोनिकानं मनाची तयारी केली. शनिवारी तिनं माशांसाठी दोन मोठे टब आणले, टाकीतलं पाणी भरून उघड्यावर ठेवले आणि सुनीलला म्हणाली, "मासे कॉलेजच्या हौदात सोडता येतील. बुजवायचं असेल तर बुजवू. पण तुम्ही तसं म्हणा. तळं नुसतं 'बघू'नं बुजलं, तर मला ते सहन होणार नाही."

सुनीलनं टबाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात कडूबाईंनी जेवायला हाक मारली.

रविवारी सकाळी मोनिका आणि सुनील एरवी भाजी आणायला बाजारात जायची. त्या दिवशी गेली नाहीत. तात्यांनी परसात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सगळ्यांना बसवलं होतं. फाटकाशी ज्ञानेश्वरचा मुरमाचा टेम्पो घरघरत उभा होता आणि ज्ञानेश्वरही खाली उतरून, आपल्याला कशाला बोलावलंय ते न कळून, एका खुर्चीत बसला होता.

"गुन्हेगार," तात्या म्हणाले आणि थांबले, "या परसातच आहे."

ज्ञानेश्वरनं मागं वळून पाहिलं.

तेवढ्यात फाटकातून मेहताबभाभी आल्या. हातात दुधाची लोटी. "तात्या, दूध. आत्ता बघता का मागनं यिऊ?"

"आणा आणा. कर्तव्याला रविवार नसतो."

खुर्चीशेजारच्या स्टुलावर तात्यांचं सामान रोजच्यासारखं मांडलेलं होतं. उंच काचेची नळी, तिच्यात तरंगणारा लॅक्टोमीटर. दूध संघाची नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. आधी घरचं दूध तपासायचे. मग शेजारच्यांनी आणलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी, आणि आता निम्मी गल्ली सकाळी लोट्या घेऊन येऊ लागली होती. हे मोनिकाला ठाऊक होतं. ती रोज त्याआधीच घराबाहेर पडायची, एवढंच.

"तर मंडळी," नळीत दूध ओतता ओतता तात्या म्हणाले, "हा माणूस विलक्षण चलाख आहे. तो दिवसाढवळ्या येतो." लॅक्टोमीटर सोडला, वाकून आकडा पाहिला. "भाभी, दूध चोख आहे. पाणी नाही." मग नळी उचलून ते बोलत बोलत चालू लागले. "तो रोज येतो. सगळ्यांच्या देखत येतो. आणि तरी कुणाला दिसत नाही. का?" ते वाफ्याशी पोहोचले. "कारण आपण पाहतो, पण बघत नाही!" आणि त्यांनी नळी कर्दळीच्या बुडाशी उपडी केली.

पांढरी धार खडीत मुरली. भिंतीवरून करडी मांजर उतरली आणि निवांतपणे खडी चाटू लागली.

टेम्पो तेवढा घरघरत होता.

"तात्या," मोनिकानं अगदी हळू विचारलं, "हे रोज इथंच ओतता?"

"मग कुठं ओतणार? तपासलेलं दूध परत भांड्यात ओतायचं नाही, हा संघातला नियम. आणि दूध गटारात जाऊ द्यायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. म्हटलं, झाडांच्या मुखी लागेल."

"सगळ्या गल्लीचं?"

"सगळ्या गल्लीचं," मेहताबभाभींनी साक्ष दिली. "आन् मी म्हन्ते ही मांजर घरचं दूध का पीत न्हाई."

मोनिका कडूबाईंकडं वळली. "आई, तुम्ही पाहिलं होतं?"

"रोज बघते की. मला काय इचारलं? संशयाचं काय दिसलं का. भावजींवर कोन संशय घील?"

मोनिका वाफ्याशी खाली बसली, खडीत बोटं घातली आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. वाफा चुकला नव्हता. ज्या खडीला खतसुद्धा वर्ज्य, तिला रोज सकाळी निम्म्या गल्लीचं दूध पाजलं जात होतं. ते खडीत नासत होतं, मुळांना गुदमरवत होतं, पाण्यातली हवा खात होतं.

तात्यांनी भिंग उचललं, खडी पाहिली, वास घेतला. या वेळी वास नुसता ओळखीचा नव्हता, त्याला नावही होतं. क्षणभर ते अगदी लहान दिसले. मग त्यांनी गॉगल सारखा केला.

"तपास पूर्ण झाला," ते म्हणाले. "उगाच नाही इतके दिवस लागले. समोर कुणी ऐरागैरा नव्हता, प्रत्यक्ष मी होतो."

"तात्या, मी न्हाई ना मग?" ज्ञानेश्वरनं विचारलं. "म्हंजे, मी सुटलो ना?"

"पुराव्याअभावी."

कडूबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "गुन्हेगार घावला, बरं झालं. पन वास हाय तितंच हाय. रविवारची बोली हुती."

"वास लगेच जाणार नाही, आई," मोनिका म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नसतं. "खडी थोडी थोडी काढून धुवावी लागेल. एकदम सगळी धुतली तर तिच्यातले चांगले जिवाणूही जातील. गाळ पुन्हा पुन्हा उपसावा लागेल. पाणी निवळायला महिना तरी जाईल."

"मग? खाली करू का मुरूम?" ज्ञानेश्वर म्हणाला. "डिझेल जळतंय उगं."

सगळ्यांनी सुनीलकडं पाहिलं. सुनीलनं तळ्याकडं पाहिलं. हिरव्या पाण्यात एक मासा वर आला, तोंड उघडलं, मिटलं. काठाशी दोन टब भरून ठेवलेले होते. मोनिकाच्या बोटांना अजून तो पांढुरका बुळबुळीत थर लागलेला होता आणि ती काहीही न म्हणता त्याच्या तोंडाकडं पाहत होती. पुढचा शब्द सगळ्यांना पाठ होता. तात्यांनी तर त्या शब्दासाठी ओठसुद्धा मिटून घेतले.

सुनीलनं घसा खाकरला.

"ज्ञानेश्वर, टेम्पो परत ने."

"आन् गाडी रं?" कडूबाई म्हणाल्या.

"गाडी गल्लीत राहील, आई. तळं बुजवायचं नाही."