कार्पेटवरून दिसणारा पूल

सुसंस्कृत माणसानं महिन्यातून एकदा तरी आपल्याला न कळणाऱ्या भाषेतला चित्रपट पाहिला पाहिजे. त्याशिवाय त्याच्या सुसंस्कृतपणाची शेजाऱ्यांना खात्री पटत नाही. ह्याच उदात्त हेतूनं वेस्ट विंडसरमध्ये ‘विश्वचित्रपट आस्वाद मंडळ, मध्य न्यू जर्सी विभाग’ स्थापन झालं (इतर विभाग नाहीत, पण विभाग म्हटल्याशिवाय मंडळाला वजन येत नाही). मंडळाच्या बैठका मनोहरकाकांच्या बेसमेंटमध्ये भरत.

बैठकव्यवस्था अत्यंत लोकशाही होती. सोफ्यावर अमेरिकन नागरिक झालेले मराठी लोक बसत, घडीच्या खुर्च्यांवर ग्रीन कार्डवाले, आणि कार्पेटवर एच-वन व्हिसावाले. असा नियम कुणी केलेला नव्हता. तो आपोआप पाळला जाई, आणि आपोआप पाळले जाणारे नियमच टिकतात. (भेटीला आलेल्या आईवडिलांना हीटरजवळची आरामखुर्ची मिळे, कारण ते सहा महिन्यांत परत जाणार असत.) जेवणाची विभागणीही शास्त्रशुद्ध होती: कार्पेटनं कागदी प्लेट्स आणायच्या, खुर्च्यांनी भाज्या आणि सोफ्यानं भूक.

प्रसन्न कार्पेटवर सहा वर्षं बसला होता. त्याला पाठदुखी सुरू झाली होती आणि ती ग्रीन कार्डाशिवाय बरी होणार नाही असं त्याची बायको दीपा म्हणे. त्याच्या शेजारी कायम शंतनू असे. दोघं नागपूरचे, एडिसनला एका खोलीत राहिलेले, एकाच कुकरचा भात खाल्लेले.

मे २००७ मध्ये मंडळानं एक रशियन चित्रपट निवडला. विज्ञान, मारामारी आणि विषाणू हे तिन्ही त्यात असल्यामुळे तो सर्व वयोगटांना चालेल, असं कार्यकारिणीचं मत पडलं. खाली इंग्रजी अक्षरं होती. ती सोफ्यावरून दिसत नसत, त्यामुळे सोफ्यावरची मतं अधिक ठाम असत.

चित्रपटाचं कथानक सोपं होतं. भविष्यकाळातल्या एका नदीवर पूल आहे. पलीकडच्या शहरात विषाणू, अलीकडे सैनिक. रोग झालेल्याला काहीही होत नाही, फक्त सैनिकांकडचं यंत्र त्याच्याजवळ आलं की वाजतं. आपण निरोगी असल्याचा दाखला असेल तर पूल ओलांडता येतो, आणि दाखला देणारं ऑफिस पुलाच्या अलीकडे आहे. पलीकडे बर्फात माणसं रांगेत उभी. त्यांत लाल टोपीतली मुलगी घेऊन एक शाळामास्तरीण. कॅप्टन तिला रोज सांगतो, उद्या या.

“अरे, काय चाललंय हे!” प्रसन्न कार्पेटवरून ओरडला. “तिनं सगळं नीट केलंय ना? मग का अडवतात तिला?”

“सिस्टिम म्हणून काही असतं की नाही?” सोफ्यावरून मनोहरकाका म्हणाले. “आम्ही आलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते.” (मागच्या बैठकीत सात होते.) “पण आम्ही कधी तक्रार केली नाही.”

“काका, तुम्हाला रांगच नव्हती!” शंतनू म्हणाला.

कार्पेटवर टाळ्या पडल्या. मुलीची टोपी वाऱ्यानं उडून पुलावर आली आणि सैनिकांनी त्या टोपीवरच गोळ्या झाडल्या, तेव्हा प्रसन्नच्या डोळ्यांना खरोखर पाणी आलं. इतक्यात पावभाजी गार होतेय अशी वरून हाक आली. मंडळाच्या घटनेनुसार जेवण कलेच्या वर असल्यामुळे उरलेला भाग तसाच राहिला, आणि उन्हाळ्यात बैठका नसल्यामुळे तो सप्टेंबरवर गेला.

मधल्या काळात, उन्हाळ्यात, सरकारी खात्याला अचानक कामाचा झटका आला आणि त्या झटक्यात प्रसन्न आणि दीपा दोघांची ग्रीन कार्डं टपालानं घरी आली. शंतनूची आली नाहीत. त्याच्या कंपनीनं फाइल पाठवायलाच उशीर केला, आणि ऑगस्टमध्ये प्रोजेक्ट संपल्यावर शंतनूलाच काढून टाकलं. आता दुसऱ्या कंपनीनं चटकन व्हिसा काढून दिला नाही, तर तो, त्याची बायको रेणू आणि पहिलीत जाणारी मुलगी आन्या, सगळ्यांना देश सोडावा लागणार होता.

सप्टेंबरच्या बैठकीत प्रसन्न सवयीनं कार्पेटकडे वळला आणि थबकला. मनोहरकाकांनी एक खुर्ची उलगडून ठेवली होती. तो बसला. पाठ तत्काळ बरी झाली. वरून पडदाही वेगळा दिसत होता: पलीकडची रांग लहान वाटत होती, आणि सैनिकांच्या चेहऱ्यावर किती ताण आहे हे पहिल्यांदाच लक्षात येत होतं. बिचारे थंडीत उभे होते. चित्रपट तोच होता.

उत्तरार्धात कॅप्टनचं यंत्र त्याच्या स्वतःच्याच छातीशी वाजतं. तो बंदूक खाली ठेवतो आणि पलीकडे चालू लागतो. सगळे सैनिक गोंधळून उभे राहतात. पहिली गोळी झाडतो तो सर्वांत नवा सैनिक, जो गेल्याच आठवड्यात पूल ओलांडून आलेला असतो.

“हरामखोर!” कार्पेटवरून शंतनू म्हणाला.

“प्रॅक्टिकली बघ ना,” खुर्चीवरून प्रसन्न म्हणाला. “एकाला सोडलं तर सगळेच येतील.”

सोफा त्याच्याकडे कौतुकानं पाहू लागला.

जेवताना शंतनू त्याला कढीच्या पातेल्यापाशी गाठून हळूच म्हणाला, “यार, माझा रेझ्युमे तुझ्या मॅनेजरला देशील? फक्त हातात दे. बाकी मी बघतो. आन्याची शाळा आत्ताच सुरू झालीय रे.”

“साइटवर अप्लाय कर ना,” प्रसन्न आपुलकीनं म्हणाला. “प्रोसेस आहे. माझं नवीन स्टेटस, मी लगेच कुणाचं नाव पुढे करणं बरं दिसत नाही.” (२००१ साली प्रसन्नचा रेझ्युमे शंतनूनंच मॅनेजरच्या हातात दिला होता. पण तेव्हा साइट इतकी चांगली नव्हती.)

शंतनूनं कढी वाढून घेतली आणि न खाता प्लेट कचऱ्यात टाकली. प्लेट त्यानंच आणलेली होती. घरी जाताना दीपा गाडीत म्हणाली, “लाज वाटायला हवी होती तुला.” प्रसन्ननं जीपीएसचा आवाज वाढवला.

महिन्याभरानं मंडळानं शंतनूच्या कुटुंबाला निरोप दिला. समारंभ हृद्य झाला. मायदेशाची ओढ काय असते ह्यावर प्रसन्न फार सुंदर बोलला, आणि आन्यानं “बट आय डोंट वॉना गो” असं कुणी विचारलं नसतानाही सांगितलं, तेवढंच गालबोट. कार्पेटवरच्या रिकाम्या जागेत पुढच्या बैठकीला हैदराबादहून बदलून आलेला कुणी नवा मुलगा बसला. प्रसन्ननं त्याला प्लेट्स कुठे ठेवायच्या ते दाखवलं.

हे वाचून आपल्याला प्रसन्नचा संताप आला असेल, तर मंडळाच्या वतीनं आपलं अभिनंदन: आपण अजून कार्पेटवर आहात. यथावकाश आपल्यालाही खुर्ची मिळेल, निदान सोसायटीच्या कमिटीत तरी. ती मिळाली आणि खाली गेटवर वॉचमननं कुणाला तरी अडवलेलं दिसलं, की ही गोष्ट पुन्हा एकदा वाचा. गोष्ट तीच असेल.