बगळेसरांची स्पॅनिश आणि झऱ्यावरचा दगड

एका जंगलात, बाळांनो, स्पॅनिश फाडफाड बोलणारा एकच माणूस राहत होता आणि तो म्हणजे मी. फाडफाड म्हणजे तीन-चार शब्द. तेही एका बगळ्याने शिकवले. आणि मी चौथीत दोनदा बसलेला, त्यामुळे ते डोक्यात जायला आठवडा लागला.

त्याचं असं झालं. दरड कोसळली आणि एक भलामोठा दगड झऱ्याच्या तोंडावर येऊन बसला. खालचं तळं आटत आटत डबक्याएवढं झालं. त्या डबक्यात बेडकीणआजीची चाळीस नातवंडं होती. सगळे बेडूकमासे. पाय फुटले की उड्या मारत नदी गाठतील, पण पाय फुटायला अजून आठ दिवस होते.

आजी दारोदार फिरली. "दगड तेवढा ढकला रे बाबांनो."

"ढकलू की," गवा म्हणाला.

"बघतो हां," अस्वल म्हणालं.

रोज तेच. शेवटी त्यांचं त्यांनाच कसंनुसं व्हायला लागलं.

तेवढ्यात परदेशी जाऊन आलेले बगळेसर तिथे उतरले. त्यांनी स्पॅनिशचा वर्ग काढला. सपाट जागा दुसरी नव्हती, म्हणून त्याच दगडावर.

"लवकरच काही करायचं असलं, की स्पॅनिश लोक 'जातो' म्हणतात," सर म्हणाले. "बॉय आ, म्हणजे मी जातो. पुढे काम जोडायचं. बॉय आ एम्पुहार. म्हणजे मी आता ढकलणार."

अस्वल दचकलं. "म्हणजे खरंच जावं लागतं?"

"छे! बसल्या जागी म्हटलं तरी चालतं."

"सर, इतके दिवस कुठे होतात हो!" अस्वलाचे डोळे भरून आले.

गवा उभा राहिला आणि गरजला, "बॉय आ एम्पुहार!"

आता त्या जंगलाची एक रीत होती. कामाला निघालेल्याचा सत्कार आधी करायचा. काम काय, नंतर होतंच. गव्याला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. भाषणं ऐकून तो दमला आणि घरी जाऊन झोपला. मग अस्वलाचा सत्कार. तेही झोपलं.

दगडावर सर एकटे उरले. त्यांनी खाली डबक्यात पाहिलं.

"आजी, बॉय आ कोमेर."

"म्हणजे काय हो सर?"

"मी आता खाणार."

सरांनी मान लांब केली. अख्ख्या जंगलात बोलल्यासारखं करणारा हा पहिलाच निघाला.

आजीने गळा काढला, "अहो, उठा सगळे! सरसुद्धा कामाला निघाले! आणि त्यांचा सत्कार राहिलाच की!"

जंगल धावत आलं. सरांच्या पंखांवरून शाल अशी घट्ट गुंडाळली की चोच तेवढी बाहेर राहिली. मोराने स्वागतगीत म्हटलं, एकवीस कडव्यांचं. सरांच्या बालपणावर गवा दोन दिवस बोलला. ओळख चार दिवसांचीच होती, पण गव्याचं काही अडलं नाही. अस्वलाकडे आभारप्रदर्शन होतं. त्याने एकेका झाडाचे आभार मानायला घेतले.

"मला भूक लागलीय!" सर ओरडले.

"उत्सवमूर्तींनी मध्येच उठायचं नसतं," मोर म्हणाला.

नवव्या दिवशी शाल सुटली. सर डबक्यावर झेपावले. डबक्यात चिखल होता. चिखलात चाळीस जोड्या पावलांच्या खुणा होत्या, नदीकडे गेलेल्या.

तात्पर्य: बोलघेवड्यांना हसू नये. त्यांची भाषणं चालू असतात, तोवर गरिबाला पाय फुटायला वेळ मिळतो. सबब कोणीही काम करून समाजाची घडी विस्कटू नये.

हे मी बेडकीणआजीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती डबक्याच्या काठी बसली होती.

"छान लिहिलंत हो बापू," ती म्हणाली. "सून पुन्हा अंडी घालायला आलीय. दगड अजून तिथंच आहे. तुमचं वाचून झालं असेल तर उठा आणि खांदा लावा."