सालीचं सरबत

आमच्या गल्लीत काकडी सोलायची असली की बायका आधी दाराला कडी लावतात. चोराचं भ्या नाही, भ्या आमच्या आक्काचं. काकडीला सुरी लागल्याचा वास तिला पलीकडच्या गल्लीतून येतो, आणि साल खाली पडायच्या आत आक्काचा हात तिच्याखाली असतो. वर दरडावणी वेगळीच.

"कामून फेकायलीस गं? साल हाय ती. टाकून द्यायला ती काय माणूस हाय?"

हे वाक्य तिनं अख्ख्या मानवतला ऐकवलेलं आहे. शेजारणीला, भाजीवाल्याला, लग्नातल्या आचाऱ्याला, एकदा तर नगरपालिकेच्या घंटागाडीला. गाडी अडवून टोपली उलटी करून घेतली आणि त्यातले टरबुजाचे तुकडे बघून ड्रायव्हरला असं झापलं, की तो बिचारा त्या दिवशी गाणं बंद करून गेला. लोक हसतात. हसू द्या. आमची आक्का अशी आहे, आणि ज्याला पटत नाही त्यानं आमच्या दारावरून जाऊ नये, दुसरा रस्ता आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नाव राधा, पण ते रेशन कार्डापुरतं. मी जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली आणि आता घरी बसून बायकोच्या शिव्या खातो. आक्का ऐन तरुणपणी सासर सोडून आली ती आमच्याकडंच राहिली. का सोडलं, याची गोष्ट अख्ख्या तालुक्याला पाठ आहे: काकडीच्या सालीवरून सासूशी भांडली आणि नवरा टाकून आली. ही गोष्ट तिच्या सासूनंच बाजारा-बाजारात पेरली होती. माझ्या गाडीत प्रवासी मुद्दाम विचारायचे, "कंडक्टर, तुमच्या बहिणीनं काकडीच्या सालीपायी नवरा सोडला म्हणं?"

मी म्हणायचो, "व्हय. अन् वांग्याच्या देठापायी दीर सोडला. तिकीट काढा."

आक्का स्वतः यावर कधी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. मला आठवतं ते एवढंच. वैशाखातली दुपार. ती चुडाव्याच्या सासरहून रेल्वेनं मानवत रोडला उतरून एकटीच घरी आली होती. हातात पिशवीसुद्धा नाही. ओठ फुटलेले. कुणाशी न बोलता ती रांजणापाशी गेली आणि तांब्यावर तांब्या पाणी पीत राहिली. मी बारका होतो, मला वाटलं आता रांजण आटतो. आमच्या वडलांनी काही विचारलं नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारू दिलं नाही.

मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली आक्काचा कारखाना आहे. पाटा, वरवंटा, फडकी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ. उन्हाळा लागला की काकडीच्या साली पाट्यावर वाटायच्या, त्यात कोथिंबिरीचे देठ, भाजलेलं जिरं, वरून ताक. कैरीच्या साली आणि कोयी उकळून त्यांचं पन्हं. टरबुजाचा तांबडा गर आम्ही खायचा, पांढरा तिचा. तो वाटून, गाळून त्यात गूळ, काळं मीठ, पुदिन्याच्या काड्या आणि रंगाला बीटाच्या साली. प्रत्येक साल आधी धुणार, मग स्वतः चावून बघणार. काकडीची कडू निघाली तर कपाळाला आठी न घालता म्हणणार, "ही तोंडावर बोलणारी हाय, हिला झाडाला घाला." फ्रीजला ती शिवत नाही. "फ्रीजातलं गार लागतंय, पर तहान तशीच राहती," असं तिचं म्हणणं, आणि वैतागानं सांगतो, ते खरं आहे.

तिचा आणखी एक कायदा आहे आणि त्यानं मी लय बेजार झालोय. पहिला पेला घरातल्या बाईला. "आधी चुलीपुढची." माझ्या घरात, माझ्या पैशाच्या गुळाचं सरबत, आणि मला शेवटी! मी उन्हातून येऊन मटकन बसलेला असलो तरी आधी माझी बायको सुमन पिणार, मग वैशाली, आमची पोरगी, मग मी. एकदा एक नगरसेवक मतं मागायला आले होते. त्यांनी घाम पुसत हात पुढं केला. पेला त्यांच्या हातावरून सरळ भांडी घासणाऱ्या बाईकडं गेला. नगरसेवक बघतच राहिले.

"तुमी जीपीत बसून आलाव," आक्का म्हणाली, "ती राखंत बसून आली."

मत कुणाला दिलं ते तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

तर अशा बाईच्या घरात मला पोरीची सोयरीक जमवायची होती.

वैशाली औषधाच्या दुकानात बसते. पोरगी गुणाची आहे, पण सावळी. आधीची स्थळं रंगावरून परत गेली होती, आणि सुमननं तेव्हापासून सोमवार धरले होते. अशात पाथरीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरची शेती, आणि फोटो बघून पसंती आधीच कळवलेली. नुसतं रीतीप्रमाणं येऊन बघायचं आणि सुपारी फोडायची. एवढं सोन्यासारखं स्थळ पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी आदल्या दिवशी आक्काला समोर बसवलं आणि हात जोडले.

"आक्का, उद्या साली न्हाईत. मी बाटलीतलं थंड आणलंय. तू फक्त नीट लुगडं नेसून बसायचं."

"बरं," आक्का म्हणाली.

इथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं. आक्का जन्मात कशालाच बरं म्हणालेली नाही.

पाहुणे भर दुपारी आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि थोरली सून, कडेवर लेकरू घेऊन. ऊन असं की जीपच्या दाराला हात लावता येईना. मोठ्या मानानं सगळ्यांना खुर्च्या दिल्या. सून मात्र उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. सुमननं दोनदा बस म्हटलं, ती नुसती हसली. आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. माझ्या बाटल्या फ्रीजात रात्रभर होत्या, पण लाइट सकाळपासून तीच थट्टा करत होती. झाकण उघडलं तर आत चहा म्हणावा इतकं कोमट. मुलाच्या वडलांनी दस्तीनं मान पुसली आणि माझ्याकडं बघितलं.

मागच्या दारातून आक्का ताट घेऊन आली. पेल्यांत गुलाबी सरबत, वर पुदिन्याचं पान. मी तिला अडवायला उठलो. पण रंग बघून मुलाच्या आईचासुद्धा चेहरा खुलला, आणि मी म्हटलं, जाऊ दे, कशाचं आहे ते कुणाला कळायलंय?

आक्का खुर्च्यांवरून पुढं गेली. व्याह्यांचा पुढं आलेला हात तसाच राहिला. ती उंबऱ्याजवळ थांबली आणि पहिला पेला तिनं त्या सुनेपुढं धरला.

"घे बाई."

सुनेनं हात उचलला. आणि मुलाची आई बसल्या जागेवरून म्हणाली, "तिला नका देऊ हो. घरचीच हाय ती. उरलं तर घेईल मागून."

सुनेचा हात खाली गेला. एवढा सवयीनं गेला, की मला ते नीटसं दिसलंसुद्धा नाही. आक्काला दिसलं.

"उरलं तर?" आक्का म्हणाली.

"आमच्यात सुना मागूनच पितेत. वळण लागतं त्यानं." आणि मग हसून, "तुमच्या पोरीलाबी लागंल."

मी आक्काकडं बघून डोळ्यांनी विनवण्या करत होतो. तिनं ताट खाली ठेवलं, पण सुनेपुढचा पेला तसाच धरून ठेवला.

"हे कशाचं हाय ठाऊक हाय का? टरबुजाच्या सालीचं. बीटाच्या सालीचं. पुदिन्याच्या काड्याचं. तुमी उकिरड्यावर टाकता ना, त्याचं. ते मी टाकीत न्हाई. अन् आमची पोरगीबी टाकणार न्हाई. उठा आता, ऊन उतरायच्या आधी पाथरी गाठा."

मग काय झालं ते विचारू नका. मुलाची आई उठली, "कचरा पाजायला बोलावलं का" म्हणाली, मुलाच्या वडलांनी माझ्या सात पिढ्यांना नमस्कार केला, मुलगा आईच्या मागं मागं गेला. मी पाया पडायचं तेवढं राहिलं होतं. सगळे दारात चपला शोधत होते तेव्हा सुनेनं तो पेला आक्काच्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पेला परत दिला, लेकरू सावरलं आणि जीपकडं गेली. धूळ उडाली आणि सोयरीक संपली.

मी आक्कावर असा ओरडलो, की समोरच्या घरातल्या बाया बाहेर आल्या. "स्वतःचं काकडीच्या सालीवरून मोडलंस, अन् आता माझ्या लेकीचं टरबुजाच्या सालीवरून! कोण करून घेणार हाय आता तिला?"

आक्का खाली बसली. ती अशी बसलेली मी कधी बघितली नव्हती.

"काकडीच्या सालीवरून न्हाई मोडलं, बाळू," ती म्हणाली. "त्या घरी हिरीचं पाणी मी आणायची अन् प्यायची सगळ्यांच्या मागून. ताक तर मला कधी उरलंच न्हाई. मग काकडीच्या साली पडायच्या त्या मी परसात बसून चावायची. तेवढाच घसा वला व्हायचा. एक दिवस सासूनं बघितलं. हातातून हिसकून घेतल्या. म्हणली, ह्या म्हशीच्या हायेत." तिनं गुडघ्यावरचं लुगडं नीट केलं. "मी तशीच उठले अन् ठेसनावर आले."

वैशाली आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मला विचारलं असतं तर मीबी न्हाईच म्हणले असते. ती त्यांची सून आल्यापासून मागच्या दारातून नुसती माठाकडं बघायली होती."

आणि खरं सांगतो, मला पोरीचा अभिमान वाटला, आणि त्या पाथरीवाल्यांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. गल्लीत आता नवी गोष्ट चाललीय, सालीवरून सोयरीक मोडली म्हणून. चालू द्या. मी स्वतःच ती बसस्टँडवर सांगतो, आणि सून किती तहानलेली होती तिथपासून सांगतो.

त्या दुपारी मात्र सुमन उठली, ताटातला एक भरलेला पेला उचलला आणि आक्कापुढं धरला. एवढ्या वर्षांत आक्काला आधी पेला कुणी दिल्याचं मला आठवत नाही. ती कधी प्यायची, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

"आधी चुलीपुढची," आक्का तोंड फिरवून म्हणाली.

"आज चुलीपुढं तुमीच व्हता, आक्का," सुमन म्हणाली आणि हात मागं घेतला नाही.

आक्कानं पेला घेतला. हळूहळू प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. पदरानं आधी तोंड पुसलं, मग डोळे. आणि ठसक्यात म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

मग सुमन प्यायली, वैशाली प्यायली, आणि शेवटचा पेला मला मिळाला. मीठ अगदी बरोबर होतं.