बाई: चालेल

शुक्रवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. स्थळ: बंदराजवळच्या एका मध्यम प्रतीच्या हॉटेलचा जिना. जिन्याखाली व्हीलचेअरमध्ये माझी बायको, तिच्या मांडीवर पर्स, पर्सवर पाण्याची बाटली. जिन्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, आमची खोली. मध्ये एकोणीस पायऱ्या. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली आणि दोरीला पाटी लटकवलेली: ‘काम चालू आहे.’ काम करणारं कोणी दिसत नव्हतं.

ही झाली बातमी. आता मागची हकीकत सांगतो. कारण या प्रकरणात माझ्यावर अन्याय झालेला आहे, आणि तो मीच केला असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे.

बायको लग्नाआधी दोन वर्षं या शहरात एका जहाज कंपनीत टायपिस्ट होती. प्रवाशांच्या याद्या टाईप करायच्या, हे तिचं काम. रोज साडेपाचला जहाज सुटायचं. कचेरी सुटायची पाचला. ती घरी न जाता समोरच्या रस्त्यावर थांबायची आणि आपण टाईप केलेली सगळी नावं हात हलवत समुद्रात जाताना बघायची. दोन वर्षांत हजारो नावं झाली, पण तिचं स्वतःचं एकदाही नाही. (एकदा गंमत म्हणून तिनं यादीच्या शेवटी आपलं नाव टाकलं होतं. साहेबांनी ते खोडरबरानं खोडलं आणि वर ‘कागद खराब होतो’ असं ऐकवलं. या साहेबांचा पत्ता मी बरीच वर्षं शोधत होतो.)

मग तिचं माझ्याशी लग्न झालं. तुला त्या रस्त्यावर घेऊन जातो, असं मी पहिल्याच वर्षी म्हणालो होतो. पण मी वार्ताहर. माझ्या धंद्यात काहीतरी पडल्याशिवाय वर्ष जात नाही. एका वर्षी सरकार पडलं, एका वर्षी पूल, एका वर्षी पुलाची चौकशी करणारा इंजिनिअर. अशी अडतीस वर्षं गेली. मी निवृत्त झालो आणि आता काही पडायचं उरलं नाही असं वाटलं, तेव्हा बायकोच पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण चाल गेली. घरात वॉकर धरून ओट्यापासून खिडकीपर्यंत, बाहेर व्हीलचेअर, आणि जिना अजिबात नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

मुलीनं आईसाठी म्हणून जहाजाची सफर ठरवली. सात दिवसांची, शनिवारी दुपारी निघणारी. जहाजावर उतार आहेत, दारं रुंद आहेत, मदतीला माणसं आहेत. काळजीचं कारण नव्हतं. तिकिटावरचं आपलं नाव बायको बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “एक दिवस आधी जाऊ या का? मला तो रस्ता बघायचाय. साडेपाचला.”

तिनं अडतीस वर्षांत स्वतःहून काही मागितल्याचं माझ्या लक्षात नाही. (माझ्या लक्षात नाही, हा पुरावा होत नाही, असं मुलगी म्हणते.) हॉटेलचं मी बघते, असंही मुलगी म्हणाली. मी म्हटलं, नाही. ज्या माणसानं मंत्र्यांना घाम फोडला, त्याला एक खोली बघता येणार नाही काय?

मी कामाला लागलो. बायकोच्या शिवणाच्या टेपनं व्हीलचेअर मोजली, तिच्यासकट आणि तिच्याशिवाय. पलंगाची उंची, बाथरूमचा उंबरा, कमोडशेजारी धरायला दांडी आहे की टॉवेल वाळत घालायची नळी, असे तेवीस प्रश्न काढले आणि फोनवर बसलो. पहिल्या हॉटेलनं सातव्या प्रश्नाला फोन ठेवला. दुसऱ्यानं, तुम्ही कुठल्या खात्यातून बोलताय, असं घाबरून विचारलं. तिसऱ्यानं मालक बाहेरगावी गेलेत असं सांगितलं, आणि हे सांगणारा मालकच होता, हे मी आवाजावरून ओळखलं.

चौथ्या हॉटेलचा क्लार्क मात्र सज्जन निघाला. तेवीसच्या तेवीस उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तराला ‘सर’ जोडलं. म्हणाला, तळमजल्याची खोली गुरुवारी रिकामी व्हायची आहे, पण खात्री देत नाही. तूर्त पहिल्या मजल्याची लिहून ठेवतो. लिफ्टचं काम शुक्रवारच्या आत होईल. बाईंना चालेल ना?

‘होईल’ या शब्दावर माझा चाळीस वर्षांत कधी विश्वास बसलेला नाही. हाताखालच्या पोरांनी लिहिलेल्या बातमीत तो दिसला की मी लाल शाईनं गोल करून बाजूला ‘कधी?’ असं लिहीत असे. पण माणूस सर म्हणाला की काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. मी फोनवर हात ठेवला आणि थेट संबंधित व्यक्तीला विचारलं, “अगं, पहिला मजला चालेल का?”

ती टेबलाशी शेंगा निवडत होती. “चालेल,” म्हणाली.

हे उत्तर मी गृहीत धरायला नको होतं. तिला काहीही विचारा, ती चालेल म्हणते. भाड्याचं घर दाखवलं, तिथं नळाला पाणी नव्हतं, ती चालेल म्हणाली. लग्नाआधी मला दाखवलं, तेव्हाही तिनं हाच शब्द वापरल्याचं सासूबाई सांगायच्या. आणि लिफ्टचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

“बाईंना चालेल,” मी फोनवर कळवलं. क्लार्कनं तसं लिहून घेतलं.

तर शुक्रवारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी जिन्याखालून मॅनेजरला बोलावणं धाडलं. मॅनेजर आले. गोल, शांत, आणि कोणीही ओरडलं की आणखी शांत होणारे. सज्जन क्लार्क रजेवर होता. (सज्जन माणसं नेमकी त्या दिवशी रजेवर असतात.) तळमजल्याची खोली कुठं आहे, असं मी विचारलं. ती गुरुवारी रिकामी झाली होती आणि गुरुवारीच दुसऱ्या एका जोडप्याला दिली होती. त्यातल्या गृहस्थांना गुडघ्यांचा त्रास होता.

“आणि माझ्या बायकोला काय हौस आहे?” मी म्हटलं.

मॅनेजरनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. आमच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘बाई: चालेल.’

“आम्हाला वाटलं, बाई चालतात,” मॅनेजर म्हणाले.

मी त्यांना समजावून दिलं की तसं असतं तर ‘चालतील’ असं लिहिलं असतं. आदरार्थी अनेकवचन नावाची एक चीज असते.

“आम्ही हॉटेल चालवतो साहेब, व्याकरण नाही.”

“चालेल म्हणजे पायानं नव्हे. चालेल म्हणजे जमेल.”

“मग जमवा ना,” मॅनेजर म्हणाले.

इथून पुढं माझा तोल गेला, हे मी मान्य करतो. मी लिफ्टचा ठेकेदार कोण ते विचारलं. परवान्याची प्रत मागितली. गुडघेवाल्या गृहस्थांना प्रत्यक्ष भेटायची मागणी केली. ते बाहेर आले, त्यांचे गुडघे खरोखरच वाईट होते, आणि ते इतके ओशाळले की मला त्यांची समजूत घालत बसावं लागलं. मॅनेजरनी मध्येच सुचवलं की चादरी-टॉवेलांच्या खोलीत, तळमजल्यावरच, दोन पलंग टाकून देतो. मी म्हटलं, प्रश्न पलंगाचा नाही, तत्त्वाचा आहे. यावर मागून बायको काहीतरी म्हणाली. मी एक मिनिट म्हणून तिच्याकडे हात केला. मग पुन्हा म्हणाली. मी पुन्हा हात केला. तत्त्वाचं बोलताना माणसाला मागं वळता येत नाही.

वळलो तेव्हा पावणेपाच झाले होते आणि जिन्याखाली फक्त आमच्या दोन बॅगा होत्या.

मला दरदरून घाम फुटला. दारावरच्या वॉचमननं सांगितलं, चादरींच्या खोलीत काम करणाऱ्या बाईंची ड्यूटी साडेचारला संपली. त्यांनी खुर्ची ढकलत नेली. “मॅडम तुम्हाला तीन हाका मारून गेल्या,” तो म्हणाला. “म्हणाल्या, मला खोली नकोय, रस्ता पाहिजे.”

कुठला रस्ता, असं त्यानं मला विचारलं.

आणि मला सांगता येईना. अडतीस वर्षं ती ‘तो रस्ता’ म्हणत आली आणि मी ‘हो, तो रस्ता’ म्हणत आलो. मंत्र्याच्या मेव्हण्याच्या ड्रायव्हरचं गाव कुठलं, ते मी शोधून काढलेलं आहे. बायकोच्या रस्त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. हॉटेलला तेवीस प्रश्न विचारले, तिला एक नाही.

मी पळत सुटलो. (मुलगी म्हणते, पळत नसणार. मला तरी ते पळणंच वाटत होतं.) जो भेटेल त्याला विचारलं, साडेपाचचं जहाज जिथून दिसतं तो रस्ता कुठला? एक जण म्हणाला, सगळ्याच रस्त्यांवरून दिसतं. दुसरा म्हणाला, आता कुठं दिसतंय, गोदामं झाली. फुटपाथ दर वीस पावलांवर वीतभर खाली उतरायचा आणि परत वर चढायचा. इथून ती खुर्ची कशी गेली असेल, या विचारानं माझा जीव खालीवर होत होता. बरोब्बर साडेपाचला मी एका गोदामामागच्या बोळात होतो. समोर विटांची भिंत. भिंतीपलीकडे जहाजाचा भोंगा झाला, लांबलचक. मी भिंतीकडे तोंड करून तो संपेपर्यंत उभा राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सहाला पाच कमी असताना ती सापडली. पाण्यालगतचा एक रस्ता, त्याच्या कडेला खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या तळाशी एक दगडी बाक. खुर्ची वर रस्त्यावर होती. तिच्यात चादरीवाल्या बाई पाय मोकळे करत बसल्या होत्या. बायको खाली बाकावर होती.

मी धापा टाकत उतरलो. जहाज दूर गेलं होतं. उजेडात एक पांढरा ठिपका, तोही पुसट होत चाललेला.

“गेलं?” मी विचारलं.

“गेलं.”

बाकावर तिच्या शेजारी तिची पर्स होती. पर्सवर पाण्याची बाटली. तिनं दोन्ही उचलून मांडीवर घेतल्या.

“जागा धरून ठेवली होती,” ती म्हणाली.

मी बसलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण दम इतका लागला होता की शब्दच फुटेना. (माझ्या आयुष्यातली ही सर्वांत चांगली मुलाखत झाली, कारण मी बोलू शकत नव्हतो.) तिनं मागच्या इमारतीकडे बोट केलं. तिसरी खिडकी. तिथं आता दुसरीच कुठली कचेरी होती, आणि एक मुलगी खिडकीशी उभी राहून पर्सला चेन लावत होती. बायकोनं तिच्याकडे बघून हात हलवला. तिनंही हलवला, ओळख नसताना. मग बायको सांगू लागली, कोण कुठं बसायचं, कुठल्या टाईपरायटरचं ‘श’ अक्षर अडकायचं, पावसाळ्यात याद्या कशा दमट व्हायच्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी ऐकत राहिलो, पण डोळे त्या ठिपक्यावर होते. तो मोठा असताना मला तिच्याबरोबर बघायचा होता. उद्या आम्ही जहाजात असणार होतो. इथून जाणारं जहाज आता आम्हाला दिसणार नव्हतं.

अंधारायला लागलं तेव्हा वर जायचा प्रश्न आला. चादरीवाल्या बाईंनी गोदीतले दोन हमाल गाठून आणले. त्यांनी हातांची खुर्ची केली, बायकोला अलगद वर नेऊन बसवलं, आणि माझ्यासाठी परत खाली आले. मी म्हटलं, त्याची गरज नाही. मी उभा राहायचा प्रयत्न केला आणि परत बसलो.

“अहो, मी पत्रकार आहे,” मी सांगितलं.

“असू द्या काका,” त्यातला थोरला म्हणाला, “आम्हाला चालतं.”

त्या रात्री आम्ही चादरींच्या खोलीत झोपलो. बायकोला तिथली झोप फार छान लागली. शनिवारी जहाज वेळेवर सुटलं.

आता खरा प्रश्न. त्या बाकापासून रस्त्यापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. कठडा नाही. शनिवारी सकाळी मी मुद्दाम जाऊन दोनदा मोजल्या. चादरीवाल्या बाई सांगतात, मी खुर्चीचा ब्रेक लावायला वाकले आणि मान वर केली तो मॅडम खाली बसलेल्या. हमाल म्हणतात, आम्ही नंतर आलो. डॉक्टर म्हणतात, हे होऊच शकत नाही. बायकोला मी जहाजावर सातही दिवस, वेगवेगळ्या पद्धतीनं, विचारून पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती.

मला मात्र उचलून वर न्यावं लागलं, याबद्दल सर्व साक्षीदारांचं एकमत आहे. ती खाली कशी उतरली, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.